ताट एक, वाटेकरी अनेक

माझे गाव पिंप्राळा. आता ते जळगाव शहरात पुरते मिसळून गेले आहे. पण माझ्या लहानपणी रेल्वेचे फाटक ओलांडले की शहर मागे राही आणि वावरे सुरू होत. आषाढी एकादशीला गावात विठ्ठलाचा रथ निघे. तोवर पाऊस झालेला असला, तर रथामागून चालणाऱ्यांच्या पायांना काळ्या मातीचे जोडे चढत. त्या गावातल्या एका वहीची गोष्ट आज सांगावी असा विचार आहे. वही एका घरातली असली, तरी तिच्यातला हिशेब साऱ्या खानदेशचा आहे.

ही वही म्हणजे माझ्या वडिलांची हिशेबाची लाल वही. मध्यंतरी माळा आवरताना ती हाती लागली. त्यात १९७२ सालचे एक पान आहे. वर आमच्या सालदाराचे नाव, आणि खाली : ज्वारी दोन मण, दिढीने, मीठ-मिरची, आजारपणासाठी रोख. दिढीने म्हणजे काय, हे आजच्या मुलांना सांगायला हवे. एक मण ज्वारी उचलायची आणि सुगीला दीड मण फेडायची. आमचे वडील काही जुलमी सावकार नव्हते बरे का! गावाची रीत तीच होती, आणि तिच्यात त्यांना काही वावगे वाटत नव्हते.

१९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांना तो विसरता येणार नाही. मी तेव्हा दहा वर्षांचा होतो. पाऊस आला, पेरते झाले आणि मग जो गेला तो गेलाच. आमचा सालदार पावरा समाजाचा, चोपड्याकडून सातपुड्याच्या पायथ्याचा. वावरातल्या खोपटात त्याचे बिऱ्हाड असे. त्याची म्हातारी आई एके दिवशी आमच्या मागल्या दारी आली आणि तिने पदरातली हिरवी पाने आईपुढे ओतली. बांधावर, गायरानात, जिथे थोडी ओल होती तिथून तिने तरोटा आणि घोळ खुडून आणला होता. "पोरी, हे शिजव. यावर माणूस जगतो," असे ती म्हणाली. आमची आई आधी जरा बिचकली, कारण तरोटा आमच्या घरात कधी शिजलेला नव्हता. पण त्या वर्षी शिजला. पुढे कितीतरी दिवस म्हातारीने तो आणून दिला. कोणती पाने कोवळी घ्यायची, कोणती सोडायची, हे तिनेच आईला दाखवले. आजही पहिल्या पावसानंतर आमच्या घरी तरोट्याची भाजी होते.

वहीत ज्वारी दोन मण लिहिलेली आहे. त्या पानांची जुडी कुठेच लिहिलेली नाही. त्या पानावरून मला एवढेच उमगले, की आपल्या वहीला दुसरी बाजूच नव्हती.

आता जरा मागे जाऊ. खानदेशात कोण मूळचे आणि कोण बाहेरचे, हा प्रश्न विचारायला सोपा आणि उत्तर द्यायला अवघड आहे. अहिराणी बोलीचे नावच आभीरांची, म्हणजे गाईगुरे घेऊन आलेल्या लोकांची आठवण सांगते. लेवा पाटीदार मंडळी आपले पूर्वज गुजराथेतून आल्याचे सांगतात. शहादा-तळोद्याकडच्या गुजर मंडळींच्या घरातही गुजराथी वळणाची बोली टिकून आहे. लमाण बंजारे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून या प्रदेशातून ये-जा करीत, आणि त्यांतलेच काही इथे तांडे करून राहिले. फाळणीनंतर सिंधी बांधव जळगावात आले आणि त्यांनी आपली दुकाने उभी केली. साक्री-धुळ्याकडचे ठेलारी वर्षातले कित्येक महिने मेंढरे घेऊन फिरतात. त्यांनी रात्रभर वावरात मेंढ्या बसवल्या, की शेतकरी त्या खताच्या बदल्यात धान्य देतो. डोंगरात आणि मैदानात असलेले भिल्ल, तडवी, पावरा, कोकणा, मावची हे समाज तर आहेतच.

माणसेच कशाला, पिकेही चालत आलेली आहेत. आपली ज्वारी मूळ आफ्रिकेची. मका, मिरची, भुईमूग अमेरिकेचे. सातपुड्यातल्या पावरा बाईच्या हातची मक्याची भाकर आपण आदिवासी अन्न म्हणून कौतुकाने खातो. तो मका समुद्र ओलांडून आलेला आहे. आणि ज्या शेंगदाण्याच्या कुटाशिवाय खानदेशी बाईचे पान हलत नाही, तो शेंगदाणाही पाहुणाच. दाळ-बट्टीचे नाते माळव्या-राजस्थानाशी आहे. तेव्हा, श्रोतेहो, आपल्या ताटात निव्वळ इथले असे शोधायला गेलात तर ताट बरेचसे रिकामे होईल. येणाऱ्याने आणावे आणि असणाऱ्याने त्याला मातीत रुजू द्यावे, अशीच या प्रदेशाची शेती घडली.

पण येणारा आणि असणारा बरोबरीने जेवायला बसले का? ते मात्र झाले नाही.

१८१८ साली खानदेश इंग्रजांच्या हाती गेला तेव्हा तो जवळजवळ ओसाड होता. १८०२ च्या सुमाराची लुटालूट आणि त्यापाठोपाठचा १८०३-०४ चा दुष्काळ यांनी गावेच्या गावे उठली होती. तापीकाठच्या सुपीक जमिनीत रान माजले होते. नव्या सरकारला सारा हवा होता, आणि साऱ्यासाठी नांगर हवा होता. म्हणून जमीन कसणाऱ्यांना सवलती आणि तगाई देण्यात आली. भिल्लांना आधी बंदुकीने आवरण्याचा प्रयत्न झाला आणि मग १८२५ मध्ये जेम्स औट्रम याने धरणगावला भिल्ल पलटण उभारली. काही भिल्लांना नांगरावर बसवण्यासाठी जमीन आणि बी-बैलांसाठी आगाऊ रक्कमही देण्यात आली. पुढे १८६० च्या सुमारास रेल्वे आली. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने कापसाचे भाव चढले आणि खानदेशच्या जमिनीला मोल आले. जमिनीला मोल आले, की ती लिहिता-वाचता येणाऱ्याच्या हाती सरकू लागते. भिल्लाला वही वाचता येत नव्हती. त्यात १८७८ च्या कायद्याने जंगल राखीव झाले. मैदानातली जमीन वहीत गेली, डोंगरातले रान सरकारात गेले, आणि कालपर्यंत जो स्वतःच्या वावरात पेरत होता तो त्याच वावरात सालदार म्हणून उभा राहिला.

कष्टाळू शेतकऱ्याचे श्रेय मला कमी करायचे नाही. रावेर-यावलच्या लेवा शेतकऱ्याने विहिरी खणून जी केळी उभी केली, तिचे नाव आज जगात आहे. २०१६ साली जळगावच्या केळीला आणि भरिताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळाले. त्याच वर्षी नवापूरच्या तुरीलाही मिळाले. पण केळीच्या बागेत पहाटे जाऊन पाहा. घड कापणारा, तो खांद्यावर घेऊन चिखलातून गाडीपर्यंत नेणारा, पिले काढणारा माणूस कोण असतो? बहुधा तो तडवी असतो, पावरा असतो, भिल्ल किंवा कोळी असतो. आणि विहिरीचे पाणी येते कुठून? सातपुड्यावर पडलेला पाऊस पायथ्याच्या गोट्या-वाळूच्या थरात मुरतो, तेव्हा खाली विहिरीला पाझर फुटतो. वर रान राहिले तर खाली बाग राहते. म्हणजे केळीच्या प्रत्येक घडात डोंगरातल्या माणसाचाही वाटा आहे. मानांकनाच्या कागदावर गावाचे नाव येते. त्या खांद्याचे येत नाही.

वाटा हा शब्द मी मुद्दाम वापरतो. माझ्या आजीचे माहेर साक्री तालुक्यात, पांझरेच्या काठी. तिथली फडाची पद्धत अनेकांना ठाऊक असेल. नदीवर दगडी बंधारा, त्यातून निघालेला पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे मोठाले फड. एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यायचे. एकात ऊस, दुसऱ्यात गहू, तिसऱ्यात आणखी काही. आणि प्रत्येक शेतकऱ्याचा तुकडा बहुधा प्रत्येक फडात असायचा. त्यामुळे पाणी उदंड आले तर सर्वांना, आणि तुटले तर त्याची झळही सर्वांना. पाटकरी पाणी सोडणार, हवालदार देखरेख ठेवणार आणि जागल्या रात्री राखण करणार. त्यांचा मोबदला धान्यात. शेकडो वर्षे ही व्यवस्था सरकारी अंमलदारावाचून चालली. न्याय जमिनीच्या आखणीतच कसा घालता येतो, याचा याहून चांगला धडा मला ठाऊक नाही.

आजी म्हणायची, "वावरना पहिला घास जागल्याना." खळ्यावर रास पडली की आधी त्याचे सूप भरायचे. पण आजीला मी एकदा विचारले होते, की जागल्याचा तुकडा कोणत्या फडात? ती हसली आणि म्हणाली, "त्याले कुठली वं जमीन!" अनेक गावांत जागल्या भिल्ल असे. ज्या व्यवस्थेत पाण्याचा थेंबन् थेंब वाटला जात होता, तिच्यातही राखणदाराला पहिला घास होता, पण वाटा नव्हता. आणि घास देणाऱ्याने हात आखडला, की घासही जातो.

तसेच पुढे झाले. शहादा तालुक्यात बागायत वाढली, ऊस आला, यंत्रे आली. आणि जुने धान्याचे देणे मालकाला जड वाटू लागले. २ मे १९७१ रोजी पाटीलवाडी येथे धान्य मागायला जमलेल्या आदिवासींवर गोळीबार झाला आणि त्यात एकाचा बळी गेला. श्रोतेहो, ही माणसे धान्य मागायला गेली होती, हे लक्षात ठेवा. त्यानंतर अंबरसिंग सुरतवंती हे भिल्ल कार्यकर्ते आणि सर्वोदयी मंडळी पुढे झाली. ३० जानेवारी १९७२ रोजी शहाद्याला भूमुक्ती परिषद भरली आणि त्याच वर्षी श्रमिक संघटना उभी राहिली. गहाण पडलेल्या, बळकावलेल्या जमिनी परत मिळाव्यात आणि सालदाराला पुरते वेतन मिळावे, ही त्यांची मागणी होती. बायकांनी गावागावांत दारूची मडकी फोडली. पोरांच्या तोंडचा घास तिथेच जातो, हे त्यांना चांगले ठाऊक होते. अंबरसिंग महाराज १९७४ मध्ये अकालीच गेले. पण आदिवासींच्या जमिनी परत देण्याचा कायदा महाराष्ट्रात त्याच सुमारास झाला आणि १९७५ पासून अंमलात आला. कागदावरची जमीन प्रत्यक्ष हाती येणे किती कठीण असते, हे त्या तालुक्यातील वृद्ध माणसे आजही सांगतात.

मग आज काय स्थिती आहे? काही गोष्टी निश्चित सुधारल्या. २००६ च्या वनहक्क कायद्याने, पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या वनजमिनीवर आदिवासीचे नाव लागू शकते, पती-पत्नी दोघांचे लागते, आणि गावाला रानावर सामूहिक हक्क मागता येतो. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने माणशी पाच किलो धान्य हा हक्क झाला. पण पोट आणि शिधापत्रिका एका ठिकाणी असतील तर ना! दिवाळी झाली की धुळे-नंदुरबारकडची कित्येक कुटुंबे ऊसतोडीला गुजराथेत, बारडोली-सुरतेकडे जातात. तिथे त्यांना माणूस म्हणून मोजत नाहीत. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता'. मुकादमाने दिलेली खावटी हंगामाच्या अखेरीला मजुरीतून कापली जाते, तीही वाढीने. आमच्या वहीतली दिढी तिथे अजून जिवंत आहे, हे ऐकून मी मान खाली घातली. ऑगस्ट २०१९ पासून महाराष्ट्र-गुजराथ यांच्यात एकाच शिधापत्रिकेवर दोन्हीकडे धान्य घेण्याची सोय झाली. सोय चांगलीच आहे. पण उसाच्या फडावर, पाल ठोकून राहणाऱ्या बाईला दुकान कुठे आणि अंगठा कोणत्या वेळी, हे कोणी तरी जाऊन सांगायला नको का?

आणि धान्याबरोबर बियाण्याचाही प्रश्न आहे. सातपुड्यातील लोक याहामोगी मातेला धान्याची आई मानतात आणि महाशिवरात्रीच्या सुमारास देवमोगऱ्याच्या यात्रेला जातात. नवे धान्य देवाला दाखवल्याशिवाय तोंडात घालायचे नाही, ही तिकडची रीत. या रीतीमागे मोठी व्यवहाराची गोष्ट आहे : बियाणे आधी, पोट नंतर. धडगाव तालुक्यात बाएफ संस्थेच्या साहाय्याने आदिवासी शेतकऱ्यांनी मक्याच्या आणि ज्वारीच्या गावरान वाणांची बियाणे बँक उभी केली आहे. पाहुणा म्हणून आलेल्या मक्याची किती रूपे त्यांनी डोंगरउतारावर जपली! पांढरा, पिवळा, लाल. उद्या हवामान फिरले, पाऊस लांबला, तर कमी पाण्यावर तग धरणारे वाण मागायला आपल्यालाच त्यांच्या दारी जावे लागेल. १९७२ साली म्हातारी आपण होऊन आली होती. पुढच्या वेळी आपण जाणार आहोत, आणि तेव्हा वहीत काय लिहिणार, ते आत्ताच ठरवलेले बरे.

आता शेवटची गोष्ट, आणि ती सांगताना मला थोडा संकोच होतो. आमची तापीकडच्या शिवारातली चार एकर जमीन मूळची आमची नव्हे. माझे वडील तिचे कूळ होते. १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन. कसेल त्याची जमीन या न्यायाने ती पुढे आमच्या नावे झाली. आमच्या घरात त्या दिवसाची आठवण सणासारखी निघे. पण त्याच जमिनीवर वडिलांच्या बरोबरीने राबणाऱ्या सालदाराला तो कायदा लागू नव्हता, कारण तो कूळ नव्हता, सालाने ठेवलेला गडी होता.

आज त्याच सालदाराचा नातू ती जमीन बटाईने करतो. निम्मा खर्च त्याचा, निम्मा माझा. दोन वर्षांमागे वादळाने केळी आडवी झाली. पंचनामा झाला, नुकसानभरपाई आली, ती सातबाऱ्यावर ज्याचे नाव त्याच्या खात्यात, म्हणजे माझ्या. मी निम्मी रक्कम त्याच्या हाती दिली. तो "बरं काका" म्हणाला आणि गेला. मला तेव्हा आपण फार मोठे काम केले असे वाटले होते.

मग यंदा आखाजीला, नवे साल ठरवताना, तो म्हणाला, "काका, या वर्षी एक कागद लिहून द्या ना. बँक कर्जाले कागद मागते. अन् पुढच्या वेळी भरपाई आली, त तुमाले द्यावी लागू नये, ती माह्या नावानं यावी."

श्रोतेहो, मी लगेच हो म्हटले नाही. मनात काय आले असेल, ते इथल्या कोणाही शेतकऱ्याला सांगायला नको. कागद दिला आणि कूळ लागले तर? ज्या कायद्याने आमच्या घरात दिवाळी आणली, त्याचीच मला भीती वाटली. त्या रात्री मी माळ्यावरून काढलेली लाल वही पुन्हा उघडली. दोन मण ज्वारी, दिढीने. आणि तरोट्याचे नाव नाही.

दुसऱ्या दिवशी वकिलांना विचारून, मुदत घालून, बटाईचा रीतसर करार केला. त्यात त्याचे नाव, त्याच्या बायकोचे नाव, खर्चाचा निम्मा वाटा आणि नुकसानभरपाईचा निम्मा वाटा लिहिला. माझे धाकटे भाऊ यावर रागावले आहेत. त्यांचे म्हणणे अगदीच चूक आहे असेही मी म्हणत नाही; जमीन जाण्याचे भय ज्याने एकदा जमीन मिळवली त्यालाच अधिक असते. पण देणाऱ्याच्या मर्जीने मिळतो तो घास, आणि लिहून मिळतो तो वाटा. आजीच्या जागल्याला घास होता. त्याच्या नातवंडांना वाटा मिळावा, एवढेच माझे म्हणणे आहे.

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी अशा लाल वह्या असतील. एखाद्या सवडीच्या दुपारी त्या जरूर काढून पाहा. त्यात जे लिहिलेले आहे ते वाचा, आणि मग आपल्या ताटात काय काय आहे, ते कोणी आणले, कोणी रुजवले, कोणी खांद्यावर वाहिले, हेही शेजारच्या कोऱ्या पानावर लिहा. हिशेब तिथून सुरू होईल.